पिल्लांना चालेल असा नाच

"मास्तर, आधी बूट काढा!" बाना कासुबा, म्हणजे कासुबाची आई, खोक्यावर आडवा हात धरून ओरडली. "माझी पिल्लं दचकून मेली तर तुम्ही आणून देणार का?"

चिलेक्वा मास्तरांनी बूट काढले. काय करतील बिचारे! तांब्याची खाण बंद पडली आणि लुआंश्या गावातली दुकानं झोपेत कूस बदलावी तशी बदलून गेली. फोटो स्टुडिओत भाजी मिळायला लागली, न्हाव्याच्या आरशासमोर जुने बूट विकायला बसले. खाणकामगारांच्या क्लबात एके काळी शनिवारी पाय ठेवायला जागा नसायची. आता तिथला अर्धा हॉल बाना कासुबाने कोंबड्यांसाठी घेतला होता आणि उरलेल्या अर्ध्यात मास्तरांचा नाचाचा वर्ग चाले. क्लबच्या सेक्रेटरीने स्पष्टच सांगितलं होतं, "एक जरी पिल्लू नाचापायी दगावलं, तर वर्ग बंद."

आणि वर्ग बंद म्हणजे मास्तरांचं सगळंच बंद. घरी बसून माणूस भिंतीबरोबर किती नाचणार?

म्हणून आधी बूट गेले. मग ट्रम्पेटच्या रेकॉर्डी गेल्या, कारण ट्रम्पेट वाजला की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढत. मग टाळ्या गेल्या. शेवटी उरला एक संथ वॉल्ट्झ, तोही कान लावून ऐकावा असा. पिल्लांवरच्या लाल दिव्याच्या उजेडात पाच जोडपी पायमोज्यांवर तरंगत राहायची. बघताबघता डोळे जड व्हायचे.

"हळू! ते पिवळं जागं झालं!" बाना कासुबा कुजबुजायची.

"अहो, सगळीच पिवळी आहेत!"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

लुआंश्यात जून म्हणजे ऐन हिवाळा. अशाच एका गारठलेल्या संध्याकाळी वीज गेली. लाल दिवा विझला, रेकॉर्ड कण्हत थांबली, आणि शेगडीतला कोळसा नेमका संपलेला.

"मी कोळसा आणते," बाना कासुबा दाराकडे धावली. "गारठली की एकमेकांखाली चेंगरून मरतात मेली. लक्ष ठेवा, मास्तर!"

नुसतं लक्ष ठेवून ऊब येते होय? अंधारात चिवचिव बारीक होत चालली आणि मास्तरांनी आपल्या कोटाची बटणं सोडली.

"कोट उघडा सगळ्यांनी," ते म्हणाले. "दहा-दहा पिल्लं आत घ्या आणि नाचा. नाचलं की अंग तापतं."

"मास्तर, माझा कोट नवा आहे हो," वर्गातले कापेम्ब्वा कुरकुरले.

"लग्नातला आहे तो!" त्यांची बायको म्वापे म्हणाली. "घ्या मुकाट्याने. अगंबाई, एक माझ्या ब्लाउजात शिरलं!"

"शिरू दे. त्याचं तरी भलं होईल."

रेकॉर्ड नव्हती, म्हणून सगळे तोंडातल्या तोंडात गुणगुणायला लागले. काळोखात नाचणारे दिसत नव्हते, पावलंही ऐकू येत नव्हती. छातीशी इवल्या इवल्या धडधडी तेवढ्या जाणवत होत्या. खाण, पगार, उद्याचं जेवण, सगळं त्या वेळी कुठल्या कुठे गेलं. मास्तरांना वाटलं, इतकं सुंदर आपण उभ्या जन्मात नाचलो नाही.

तेवढ्यात कोळशाची पिशवी आणि टॉर्च घेऊन बाना कासुबा आली. उजेड पडला तो थेट रिकाम्या खोक्यात.

"चोर! मेल्यांनो, माझी पिल्लं!"

त्या किंकाळीने सेक्रेटरीही धावत आला. "मास्तर, झालं! उद्यापासून वर्ग—"

मास्तरांच्या टायमागून एक पिवळं डोकं वर आलं आणि म्हणालं, "चिव." मग कापेम्ब्वांचा कोट चिवचिवला. मग म्वापे. शेगडी पेटवून एकेक पिल्लू खोक्यात ठेवलं, एकही दगावलं नव्हतं. सेक्रेटरी घसा खाकरून निघून गेला. बाना कासुबाने डोळे पुसले. म्वापेने तिला काळोखातल्या नाचाचं सांगितलं, तर ते तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

पुढे पिल्लांच्या कोंबड्या झाल्या आणि विकल्याही गेल्या. हॉल मोकळा झाला. मास्तरांनी थाटात बूट घातले आणि ट्रम्पेट मोठ्याने लावला. पण पावलं काही उचलेनात. जो तो उगीच कोटात हात घालून चाचपत होता.

"मास्तर, कसं ओकंओकं वाटतंय," म्वापे म्हणाली.

मास्तरांनी रेकॉर्ड बंद केली. बूट हातात घेऊन ते तसेच फोटो स्टुडिओत गेले. बाना कासुबा तिथे भाजीच्या जुड्या बांधत होती.

"बाई, नवी पिल्लं कधी आणताय?"

"मंगळवारी. पण माझी एक अट आहे."

"बूट ना? हे बघा, काढूनच आलोय."

"ते नाही हो." बाना कासुबा जुडीवरची नजर वर न उचलता म्हणाली, "या खेपेला वीज गेली, की कोळसा आणायला तुम्ही जायचं. मी नाचणार."