संगीता आणि रजनी

पूर्णा जंक्शनला पोस्टर छापणारे पुष्कळ आहेत, पण डिझाइन करणारा एकच. तो म्हणजे मी, भुजंग! बाकीच्यांचं काय, कोपऱ्यात गुलाब टाकले आणि मधे गॉगल लावलेला माणूस उभा केला की झालं काम. म्हणूनच धम्मानंदनं आपल्या बँडच्या कार्यक्रमाचं पोस्टर माझ्याकडं दिलं, तेव्हाच मी ठरवलं, आता गावाला दाखवायचंच!

धम्मानंद माझा जुना दोस्त. गळा मधासारखा, नशीब मात्र कारल्यासारखं. मागच्या कार्यक्रमाला माणसांपेक्षा कुत्री जास्त होती, आणि तीही अर्ध्यातून उठून गेली.

"भुजंगा, या बारीला ग्राउंड भरलं न्हाई, तर ढोलकी इकून मोबाईलचं दुकान टाकतो बघ," तो म्हणाला.

"अरे, पोस्टर बघूनच लोक पळत येतील!"

ते मात्र खरं झालं.

काळ्याभोर पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं: 'संगीत रजनी'. पण नुसती अक्षरं तर कुणीही टाकतो! मी 'संगीत'च्या शेजारी एक उंच, सडसडीत माईकचा स्टँड उभा केला, अगदी अक्षरांच्या उंचीचा. खाली 'पूर्णा नगरीत प्रथमच!' बँडची मंडळी तळाला, अंधुक उजेडात. तेवढाच जरा मूड! मग स्टेशन, बसस्टँड, बाजार, सगळीकडं पोस्टरं लागली.

दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष किशनराव यांचा फोन.

"भुजंगा, संगीता रजनीची सोय कुठं केलीय?"

"ग्राउंडवरच की! मोकळ्यावर!"

"बायामाणसांची सोय मोकळ्यावर?"

"पुढं सतरंजी टाकायलोय ना त्यांच्यासाठी!"

"सतरंजीवर? आरं, पाहुण्या हायत त्या!" म्हणत त्यांनी फोन आपटला. माणूस फारच भावनाप्रधान आहे, असं म्हणून मी कामाला लागलो.

तेवढ्यात बायको आली. रोहिणीनं माझा हात धरला, पोलीस धरतात तसा, आणि स्टेशनवरच्या पोस्टरपुढं नेऊन उभं केलं.

"वाचा."

"संगीत..."

"दिसतंय तसं वाचा!"

मी डोळे बारीक केले आणि पायाखालची जमीनच सरकली. माझा तो सडसडीत स्टँड 'त'ला चिकटून उभा होता. कसला स्टँड, काना! अस्सल, ठसठशीत काना!

"सं... गी... ता... रजनी."

"आता सांगा, ह्या दोघी कोण?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सेलूच्या गाडीतून उतरलेले एक आजोबा पोस्टर न्याहाळत म्हणाले, "बहिणी-बहिणी असतील, न्हाई का?"

धम्मानंदच्या घरी तर भूकंपच झाला. "रोज रिहर्सल, रिहर्सल म्हणून जात होता, ते ह्या भवान्यांकडंच का?" असं म्हणून त्याच्या बायकोनं, साक्षीनं, कीबोर्ड कपाटात कोंडला आणि चावी घेऊन ती माहेरी गेली, बोरीला!

संध्याकाळी ग्राउंड तुडुंब! माणसं भिंतीवर, झाडावर, ट्रॅक्टरच्या टपावर. धम्मानंद एकटी ढोलकी घेऊन स्टेजवर चढला आणि आरडाओरडा सुरू झाला.

"संगीताला आणा!"

"रजनी कुठं हाय?"

किशनरावांनी माझी कॉलर धरली. "दोघींना आण, न्हाईतर तू नेस साडी!" खरं सांगतो, कोणता रंग मला शोभेल याचा मी क्षणभर विचारही केला!

स्टेजमागं धम्मानंदची आई, कुसुमबाई, आणि तिची जाऊ सुलाबाई बँडसाठी चहा उकळत होत्या.

"काय म्हणायलेत रे लोक?" कुसुमबाईंनी विचारलं.

"संगीता पाहिजे म्हणायलेत, मावशी."

"मग आण की तिला!"

"कुठून आणू? ती काना हाय!"

"काणी का असंना, गाती ना?"

मी कपाळावर हात मारून सगळी हकीकत सांगितली. सुलाबाई चहाचं पातेलं उतरवत म्हणाल्या, "एवढंच व्हय? चल गं." दोघींनी पदर खोचले आणि थेट स्टेजवर! कुसुमबाईंनी माईक लाटण्यासारखा पकडला.

"मी संगीता, ही रजनी. वरडू नका, खाली बसा!"

अख्खं ग्राउंड मटकन खाली बसलं! आणि मग त्यांनी स्वतःच जुळवलेलं गाणं सुरू केलं:

"जंक्शनाच्या गावी दिली मला बाई,
गाडी येती रोज, माहेर येत न्हाई!"

पुढच्या सतरंजीवरच्या बायका आधी हसल्या, मग टाळ्या वाजवायला लागल्या, मग चक्क उठून नाचायला! मागून शिट्ट्या आल्या. किशनराव माझी कॉलर सोडून फुगडीला जोडीदार शोधायला लागले. धम्मानंद तर असा ढोलकी वाजवत होता की बस! भरलेलं ग्राउंड त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं. डोळे पुसायचे होते, पण हात मोकळे कुठं होते?

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ बघून साक्षी परत आली. नवऱ्याला बाजूला सारून सरळ आत गेली. सासूला म्हणाली, "आत्याबाई, मलाबी घ्या की पार्टीत!"

आठवड्याभरात सेलूहून 'संगीता-रजनी'ला बोलावणं आलं. मी छाती फुगवून नवं डिझाइन घेऊन पोचलो. कुसुमबाईंनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला.

"लय भारी केलंस रे लेकरा. पण पोस्टर आमी परभणीला छापायला टाकलंय."

माझा चेहरा पडलेला बघून सुलाबाईंना दया आली.

"असं तोंड नको करू बाबा. चिटकवायला तूच ये. तुझी खळ लय चांगली हाय!"