सहा बदकं आणि पातेलंभर ज्वारी

“जनावरानं काय खावं, हे मले नका शिकवू!”

आसोद्याच्या जीवरामनानांनी हे वाक्य त्या आठवड्यात निदान चाळीस जणांना ऐकवलं असेल. ऐकवणारच! तीन म्हशी, दोन बैल आणि केळीचा बाग एवढा पसारा त्यांनी तीस वर्षं सांभाळला होता. त्यात सहा बदकांची भर पडली, तर असं कोणतं आभाळ कोसळणार होतं?

बदकं आणली होती पिंपळनेरच्या सुकदेवकडून, केळीतल्या गोगलगायी खायला. पण नानांच्या बायकोला, म्हणजे बेबाबाईंना, ती पहिल्या दिवसापासून खुपत होती. अंगणभर घाण, दिवसभर कलकलाट, आणि अंडं मात्र एक नाही! शेवटी त्यांनी निकाल देऊन टाकला.

“आखाजीले आपली लेक भूमिका येईन सासरहून. तोवर एक तरी अंडं दिसलं पाहिजे. नाही तं हे बदकं आल्या पावली परत!”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारा दिवस उरले होते. आणि नानांचा त्या सहा जणांवर जीव जडला होता, हे सांगायलाच हवं. संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की ती रांगेनं फाटकापर्यंत त्यांना घ्यायला येत. घरातलं दुसरं कोणी येत नसे.

अंडी हवीत म्हणजे खुराक हवा. नानांनी पहिली निवडली सरकीची ढेप, म्हणजे पेंड. आमच्या भागात म्हैस आटली, बैल थकला, गाय रुसली, की उपाय एकच! नानांनी ती प्रेमानं भिजवून टोपलीत वाढली. बदकं टोपलीत चढली, ढेपेवर पाय पुसले आणि खाली उतरली.

नानांनी सुकदेवला फोन लावला.

“भाऊ, काय बी टाका, बठ्ठं खातस त्या! काय टेन्शन नही शे!”

“ढेप नाही खात.”

सुकदेव हळूच म्हणाला, “भाऊ, त्या म्हशी नही शेत.”

दुसऱ्या दिवशी नाना जळगावला, हितेंद्रच्या पशुखाद्याच्या दुकानात हजर!

“पिल्लांचं देऊ, वाढीचं देऊ, की अंडी देणाऱ्या पक्ष्यांचं?” हितेंद्रनं विचारलं.

आता बदकांचं वय कुणाला ठाऊक? पण ‘माहीत नाही’ म्हणतील तर ते नाना कसले!

“तरुण हायेत.”

“म्हणजे किती महिन्यांची?”

“लग्नाच्या वयाची समज!”

हितेंद्रनं हसू दाबत अंडी देणाऱ्या पक्ष्यांचं खाद्य बांधून दिलं. “नाना, कोरडं देऊ नका, घशात अडकतं. शेजारी पाणी ठेवा, नाहीतर ओलं करून द्या.”

नानांनी शेजारी पाण्याचं घमेलं ठेवलं. बदकांनी खाद्य चोचीत घेतलं, पाण्यात नेऊन धुतलं, येताना पाणी खाद्यात सांडलं आणि मग दोन्हींत बसून आंघोळ केली. अर्ध्या तासात घमेलं कुठलं आणि नाना कुठले, हे ओळखू येईना!

“ओलंच द्यायचं, पण आपल्या घरचं!” नानांनी ठरवलं. पायजम्यावरचा चिखल झटकत ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. “बदकांसाठी ज्वारी भिजवत जाय!”

“भिजवते, भिजवते,” बेबाबाई पिशवी भरता भरता म्हणाल्या. भाच्याच्या लग्नासाठी त्या तीन दिवस धुळ्याला निघाल्या होत्या. नवऱ्याचं बोलणं कानापर्यंत पोचायला त्यांना सवड कुठली! जाताना फाटकातून तेवढ्या ओरडल्या, “मांगच्या पडवीत पातेलं झाकून ठेवलंय. त्याच्यातलं पानी रोज बदलजा. इसरू नका!”

नानांनी पडवीत जाऊन झाकण उचललं. पातेलंभर ज्वारी, स्वच्छ निवडून भिजत घातलेली! बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोनं आपलं इतकं तडकाफडकी ऐकलं? नानांचे डोळे भरून आले. एखाद्याला इथेच शंका आली असती. पण सुख समोर आल्यावर नाना शंका काढत बसत नसत.

दुसऱ्या दिवशी ज्वारीला आंबूस वास सुटला. आंबवलेलं धान्य पचायला हलकं, असं नानांनी मोबाइलवर पाहिलं होतं. “एवढं समजते तिले! अन् मी उगाच बोलत होतो,” ते बदकांना म्हणाले. बदकांना बोलायला वेळ नव्हता. ती ज्वारीवर अशी तुटून पडली होती की नानांनी वाढायचा तांब्या कसाबसा सोडवून घेतला! कौतुकाच्या भरात त्यांनी शेजारच्या सुपडूच्या कोंबड्यांनाही रोज दोन तांबे पोचवले. उरलेल्या ज्वारीचं पाणी मात्र न विसरता बदललं. तिसऱ्या संध्याकाळी पातेलं संपलं. नानांनी ते घासूनपुसून पालथं घातलं.

आणि चौथ्या दिवशी सकाळी कडब्याच्या पेंढीआड दोन अंडी! चांगली मुठीएवढी, पांढरीशुभ्र!

नाना अंडी तळहातावर घेऊन धावत पुढच्या अंगणात आले. बेबाबाई पहिल्या एसटीनं नुकत्याच परतल्या होत्या. शेजारच्या सुगंधाबाई आणि आणखी सात जणी पाट, ओली फडकी, तीळ-मिरची घेऊन आल्या होत्या. नानांना वाटलं, वा! कौतुकाला माणसंही जमली!

“बघा, बघा! अन् हे सगळं हिच्या ज्वारीनं केलं बरं का!”

“कोनती ज्वारी?” बेबाबाईंनी विचारलं.

“पातेल्यातली! पार फस्त केली त्यांनी. पातेलं मी घासून बी ठेवलं!”

आठही जणींनी हातातले पाट खाली टेकवले.

“व माय!” सुगंधाबाईंनी तोंडावर हात नेला. “बिबड्यांची ज्वारी?”

ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, घाटा शिजवायचा आणि ओल्या फडक्यावर थापून पापडांसारख्या बिबड्या उन्हात वाळवायच्या. शिरपूरला भूमिकेच्या सासरी त्या डब्याची वर्षभर वाट बघतात! नानांनी दोन्ही अंडी छातीशी धरली.

बेबाबाईंनी अंड्यांकडे पाहिलं. मग बदकांकडे. बाई न्यायाची पक्की!

“अंडं आलं. बदकं राहतीन. शब्द म्हंजे शब्द.”

नानांनी सुस्कारा सोडला.

“पन बिबड्या तुमी कराल. आखाजीच्या आत.”

नानांनी केल्या. ज्वारी निवडली, भिजवली, दळून आणली. चैत्राच्या उन्हात चुलीपुढे बसून घाटा ढवळला. आठही जणी पाट घेऊन आल्या, पण बघायला! घाट्याच्या गुठळ्या झाल्या, बिबड्या एकीकडे पायपुसण्याएवढ्या जाड आणि दुसरीकडे भोकं पडलेल्या.

आखाजीला भूमिका आली. तिनं एक उचलली, वाकवली. वाकली नाही. गुडघ्यावर आपटली. गुडघाच दुखला.

“नाना, हे मी सासरी नाही नेणार,” ती गुडघा चोळत म्हणाली. सुगंधाबाईंनी आपल्या डब्यातल्या बिबड्या देऊन वेळ निभावून नेली.

नानांनी डबा काखोटीला मारला आणि ते मागच्या अंगणात गेले. निदान आपली माणसं तरी मान राखतील! बिबड्या मोडून त्यांनी पाण्यात भिजवल्या, हातानं कुस्करल्या, टोपलीत वाढल्या. सहाही बदकं रांगेनं आली. एकेकानं चोच लावली.

मग सगळी घमेल्यापाशी गेली आणि त्यांनी चुळा भरल्या.