ठोंबरे मास्तरांची तूट

आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षक ठोंबरे मास्तर लाडू करण्यापूर्वी आणि केल्यानंतर तराजूत घालीत. यावरून आमच्या देवळी गावात त्यांना कंजूष ठरवतात. ठरवोत! त्यांच्या भिंतीला भिंत लावून मी राहत होतो, ठरवणारे नव्हे.

मास्तरांना वेड होते तुटीचे. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचे सुटे वस्तुमान ४.०३२ एकके, ते एकत्र येऊन हेलियमचे केंद्रक झाले की ४.००२.

"मंग ०.०३० गेलं कुठी?" मास्तर फळ्यावर खडू आपटीत. "त्याले ९३१ नं गुणा! अठ्ठावीस दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट! तूट म्हंजे चोरी नाई पोट्टेहो, ऊर्जा आहे!"

हेच वर्गाला दृष्टांताने पटवण्यासाठी संक्रांतीला त्यांनी तीळगूळ तोलून पत्नीच्या, सरूबाईंच्या, हाती दिला. लाडू झाल्यावर पुन्हा तोलले. भरले कमी. हळदीकुंकवाच्या बायका बसलेल्या असतानाच मास्तर आनंदाने ओरडले, "तूट आली! तूट!"

"चार बायांत मले चोट्टी म्हणता?" असे म्हणून सरूबाई हिंगणीला माहेरी निघून गेल्या.

लोक सांगतात, मेहुण्याने दम भरला म्हणून मास्तर नमले. साफ खोटे. मेहुणा तेव्हा गावातच नव्हता. मास्तर आपण होऊन माझ्याकडे आले. "गुरुजी, हिंगणीले चालता काय? मले हिशेब मांडता येते, बोलता येत नाई."

हिंगणीच्या अंगणात त्यांनी कोळशाने तेच आकडे मांडले. सासरे वाकून पाहू लागले.

"जावईबापू, हे सरकीचं वजन होय काय?"

"नाई मामाजी. एकत्र येताना जे कमी झालं, तेवढं पुन्हा बाहेरून भरल्याबिगर ते वेगळे होत नाईत. अन् वेगळे झाले का..." मास्तरांनी कोळसा खाली ठेवला. "दोघंही जड होतात. मी लय जड झालो, मामाजी."

दाराआडून आवाज आला, "तोलता तोलता दोन लाडू तुमीच खाल्ले होते!"

मास्तरांनी क्षणभर आठवून पाहिले. "हो," ते म्हणाले, "खाल्ले होते."

दाराआड हसू फुटले. गाठोडे बांधलेलेच होते.

परतताना मोटारीत मास्तरांनी ते मांडीवर घेतले. "जड आहे काय?" सरूबाईंनी विचारले.

आयुष्यभर छटाकेचाही फरक न सोडणारा तो माणूस म्हणाला, "नाई."

जड होते. मोटारीपर्यंत ते मीच वाहून आणले होते.