मृत्यू कळवायचा राहिला

हेडमास्तर काकांना अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या आत घराण्याचा वंशवृक्ष दिवाणखान्यात चौकटीत लावलेला हवा होता, आणि तो अधिकृत हवा होता. आठवणीतून काढलेले वंशवृक्ष त्यांनी इतरांच्या घरी पाहिले होते. त्यांत प्रत्येकाचा मूळ पुरुष कुठून तरी घोड्यावर बसून आलेला असे, आणि त्या काळी एवढे घोडे होते का, अशी काकांना शिक्षक म्हणून शंका होती. तेव्हा आपल्या झाडाच्या प्रत्येक फांदीला सरकारी शिक्का पाहिजे असं त्यांनी ठरवलं आणि काम पुतण्यावर सोपवलं.

पुतण्या छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झाला होता. छापखान्यात त्याला ‘अनुस्वार’ म्हणत, आणि पुढे घरातही तेच रुळलं. मजकूर अपघाताचा असो की अभिनंदनाचा, त्याचं लक्ष फक्त राहून गेलेल्या टिंबाकडे असे. मजकुरात काय म्हटलंय ते वाचायचा त्याला पगार नव्हता आणि त्याने ते कधी वाचलंही नाही. असा माणूस घराण्याचा इतिहास शोधायला योग्यच होता.

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय पहिल्या मजल्यावर, पाणीपट्टीच्या खिडकीच्या मागे होतं. कपाटं छतापर्यंत. वरच्या खणातली पुस्तकं काढायला एक शिडी होती, तिची एक पायरी सुतळीने बांधलेली होती आणि त्या पायरीवर पाय ठेवू नये अशी सूचना खाली चिकटवलेली होती. तिथल्या रेकॉर्डच्या बाई धुळीमुळे नाकाला रुमाल बांधून बसत. त्यांना शहरातल्या माणसांचे चेहरे आठवत नसत, पानं आठवत. अनुस्वारने आजोबांचं नाव सांगितल्यावर त्यांनी विचारही न करता तिसऱ्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्याच्या कुटुंबाचं पत्रक उघडलं.

पत्रकावर पाच मुलं होती.

काका कुठल्याही समारंभात “आम्ही चौघे भाऊ” अशीच सुरुवात करत. इथे मात्र दुसऱ्या आणि चौथ्या नोंदीच्या मधे, क्रमांक तीनवर एक मुलगी होती. अनुस्वारचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. जादा मजकूर आढळला की त्यावर काट मारून समासात खूण करायची असते. बाईंनी शांतपणे पुस्तक आपल्याकडे ओढलं.

पत्रकाची प्रत मिळेल, असं त्या म्हणाल्या. फक्त नियमानुसार पत्रकावरच्या सर्व हयात व्यक्तींची लेखी संमती लागेल. तीन भावांच्या नावांपुढे मृत्यूची नोंद आहे. थोरले काका आणि ही क्रमांक तीनची मुलगी यांच्यापुढे नाही. म्हणजे दोघं हयात आहेत. दोघांच्या सह्या आणा.

अनुस्वारने सांगितलं की या मुलीचं नाव घरात कोणी ऐकलेलंसुद्धा नाही.

“घरच्यांना माहीत नसणं हा काही मृत्यूचा पुरावा होत नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

संध्याकाळी त्याने हे काकांना सांगितलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि ती वारली असल्याचं सांगितलं. कधी, असं विचारल्यावर त्यांनी वारासकट सांगितलं. पासष्ट वर्षांपूर्वी, गुरुवारी, सकाळी. एकोणीस वर्षांची ती नर्सिंग शिकायला निघाली होती, हातात ट्रंक होती, आणि बाबांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांसमक्ष जाहीर केलं की ही आम्हाला मेली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नाही.

“मग ते ऑफिसात कळवलं नव्हतं का?” अनुस्वारने विचारलं.

काका पहिल्यांदाच अडखळले. बाबांची शिस्त सगळ्या आळीत प्रसिद्ध होती. “त्या गडबडीत राहून गेलं असेल,” ते म्हणाले.

राहून गेलेलं काम पुरं करणं हे थोरल्या मुलाचं कर्तव्य होतं. दुसऱ्याच दिवशी काकांनी उशिराने मृत्यू कळवण्याचा फॉर्म मागवला आणि सुवाच्य अक्षरात भरला. मृत्यूचं ठिकाण: राहत्या घराचा जिना. उशिराचं कारण: नजरचूक. मृत्यूचं कारण या रकान्यापाशी त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं: हट्ट.

निबंधक साहेबांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत गंभीरपणे वाचला. हट्टाने माणूस जातो याबद्दल त्यांचा आक्षेप नव्हता, त्यांच्या स्वतःच्या घरात तशी उदाहरणं होती. पण मंजूर कारणांच्या यादीत हट्टाला संकेतांक नव्हता. शिवाय डॉक्टरचा दाखला नव्हता. तिसरी अडचण रेकॉर्डच्या बाईंनी काढली. त्यांनी पत्रकामागे टाचणीने लावलेला एक पिवळा कागद साहेबांपुढे ठेवला. मयत व्यक्तीने मृत्यूनंतर एकोणचाळीस वर्षांनी या कार्यालयात स्वहस्ते अर्ज केलेला होता.

मृत्यूनंतर अर्ज करू नये असा नियम नाही, असं साहेब विचार करून म्हणाले. पण त्यामुळे शंकेला जागा राहते.

अर्ज साधा होता. आपण सरकारी इस्पितळात नर्स असून अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होत असल्याने निवृत्तीसाठी जन्माचा दाखला मिळावा. कार्यालयाने नियमाप्रमाणे भावांची संमती मागवली होती. भावांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं होतं, अक्षर काकांचं: ‘अशी कोणी व्यक्ती आमच्या कुटुंबात नाही. कळावे.’ खाली चार सह्या. दुसरी अनुस्वारच्या वडिलांची. त्याखाली कार्यालयाचा शेरा: ‘संमती अप्राप्त. प्रकरण प्रलंबित.’

अनुस्वारने ते कार्ड दोनदा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होते. विरामचिन्हं जागच्या जागी होती. इतका निर्दोष मजकूर त्याच्या हाताखालून क्वचितच गेला होता, आणि आज पहिल्यांदाच मजकुरात काय म्हटलंय ते त्याला वाचावं लागलं. वडील असे नव्हते, असं त्याला कोणाला तरी सांगावंसं वाटलं. समोर रेकॉर्डच्या बाई होत्या. त्या असं ऐकायला सरावलेल्या असाव्यात, कारण त्यांनी फक्त अर्जावरचा पत्ता एका चिठ्ठीवर उतरवून दिला.

पत्ता याच शहरातला होता. बसने सातवा थांबा.

दार एका उंच, ताठ म्हातारीने उघडलं. मीटर बघायला आला असाल तर तो जिन्याखाली आहे, असं तिने सांगितलं. अनुस्वारने नाव सांगितलं. तिने त्याला पेशंटला पाहावं तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कोणाचा तू?”

“दुसऱ्या भावाचा.”

“कान त्याचेच आहेत,” ती म्हणाली. “ये आत, आत्याकडे आलास तर उभा का.”

चहा पिता पिता तिने सगळं सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, ड्युटीवरचा अहवाल द्यावा तसं. जन्माचा दाखला मिळेना, तेव्हा इस्पितळाने वय ठरवायला डॉक्टर नेमला. त्याने दात पाहिले. दात उत्तम होते, म्हणून त्याने तिचं वय बावन्न लिहिलं, आणि आत्याने आणखी सहा वर्षं रात्रपाळ्या केल्या. दातांची निगा राखल्याचा तिला आयुष्यात तेवढाच पश्चात्ताप झाला होता. आता ती सरकारी हिशेबाने अठ्ठ्याहत्तरची होती आणि गुडघ्यांच्या हिशेबाने चौऱ्याऐंशीची.

मग आता त्या पत्रकाचा उपयोग काय, असं अनुस्वारने विचारलं.

तिने कप खाली ठेवला. “त्यात माहिती देणाऱ्याच्या सहीचा रकाना असतो. भावांच्या वेळी बाबा गेले होते सही करायला. माझ्या वेळी गेले नाहीत, मुलगी म्हणून. आई स्वतः चालत गेली, बाळंतपणाच्या अकराव्या दिवशी. तिला सही येत नव्हती, वाटेत शेजारणीकडून शिकली. आईने लिहिलेलं जगात तेवढंच आहे. ते मला एकदा बघायचंय.”

मग तिने संमतीचा फॉर्म मागितला आणि कुठलीही अट न घालता सही केली. त्याच फॉर्मवर खाली दुसऱ्या सहीची जागा रिकामी होती. तिकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

अनुस्वारने तो फॉर्म काकांच्या टेबलावर ठेवला. तीन दिवस तो पेपरवेटखाली तसाच होता. काका जेवत, वर्तमानपत्र वाचत, आणि फॉर्मच्या बाजूला बसण्याचं टाळत. चौथ्या दिवशी अनुस्वारने त्यांना आईच्या सहीबद्दल सांगितलं. काकांना हे माहीत नव्हतं. आईला लिहिता येत नाही, असं ते आयुष्यभर सांगत आले होते. त्यावरच त्यांनी साक्षरता दिनाची अनेक भाषणं केली होती.

त्यांनी फॉर्म उचलला आणि बहिणीच्या सहीकडे खूप वेळ पाहिलं.

“अजून ऱ्हस्व-दीर्घ चुकतेच ही,” ते म्हणाले आणि खाली सही केली.

अनुस्वारने छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. सहीत चूक नव्हती. ते त्याने काकांना सांगितलं नाही.

प्रती दोन निघाल्या. आत्याने आपली प्रत खिडकीपाशी नेली आणि ती वाकडी, पाच अक्षरांची सही बोटाने गिरवून पाहिली. वाढदिवसाला ती आली. दिवाणखान्यातल्या चौकटीत झाडाला पाच फांद्या होत्या. समारंभात काकांनी “आम्ही चौघे भाऊ” अशी सुरुवात केली, थांबले, खाकरले, आणि भाषण पुढे नीट जमलं नाही. पाहुण्यांना वाटलं, वय झालं. आत्याने मात्र त्यांची नाडी पाहिली आणि ती ठीक असल्याचं सांगितलं.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण निबंधक साहेबांना त्यातून काम दिसलं. जन्माची नोंद आहे, मृत्यूची नाही, आणि घरचे ओळख देत नाहीत, अशा आणखी किती व्यक्ती आहेत याची त्यांनी तपासणी लावली. चारशे सतरा निघाल्या. साहेबांनी त्यांची यादी टंकलिखित करून जिन्याच्या भिंतीवर काचेच्या पेटीत लावली आणि खाली लिहिलं: ‘संबंधित कुटुंबीयांनी ओळख पटवावी.’

पहिल्या दिवशी जिन्यात एवढी गर्दी झाली की पाणीपट्टीची रांग मोडली. प्रत्येक जण काचेवर बोट ठेवून आपल्या आडनावापर्यंत उतरत होता. आडनाव नसलं की जिन्यातच गप्पा मारत उभा राहत होता. असलं की लगेच घड्याळ बघून निघून जात होता. पहिल्या महिन्यात ओळख पटवायला कोणी आलं नाही. यादीतून नाव वगळावं असे अर्ज मात्र एकोणसाठ आले, सगळे सुवाच्य अक्षरात.

यादी अजून तिथेच आहे. काच रेकॉर्डच्या बाई दर सोमवारी पुसतात. वेळ दहा ते पाच, आणि आडनावं वर्णानुक्रमे लावलेली आहेत, त्यामुळे तुम्हाला तिथे फार वेळ उभं राहावं लागणार नाही.