पालखीच्या आधी सांबा

जगात ऐकण्यासारखं गाणं कुठलं, हे आख्ख्या रत्नागिरी तालुक्यात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस म्हणजे आपण, याबद्दल काशीरामच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती बाकीच्या तालुक्याला. पण तालुक्याला विचारतो कोण?

काशीरामची उमर परदेशी बोटींवर आगवाला म्हणून गेली. पोटात बॉयलर असलेल्या त्या बोटींत दिवसभर कोळसा ओढायचा, आणि बंदर लागलं की इतर खलाशी जिथं जायचे तिथं न जाता हा गडी रेकॉर्डींच्या दुकानात शिरायचा. नोकरी सुटल्यावर तो चावीचा एक ग्रामोफोन आणि तीन आल्बम घेऊन कायमचा वाडीत आला. आल्बम म्हणजे फोटोंचे असतात तसेच, जाड पुठ्ठ्याचे. फक्त पानांच्या जागी कागदी पिशव्या आणि पिशव्यांत रेकॉर्डी. पहिला आल्बम अमेरिकेतल्या जॅझचा, दुसरा ब्राझीलच्या सांबाचा आणि तिसरा एका अमेरिकन बाईचा. ही बाई तिकडची जुनी नावाजलेली गाणी म्हणायची आणि इतक्या सावकाश म्हणायची, की तिच्या दोन शब्दांच्या मध्ये माणसाने विडी पेटवून घ्यावी.

काशीरामला ऐकवायची हौस दांडगी. ग्रामोफोन ओटीवर मांडलेलाच असे. पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी कुणी चढताना दिसलं की याने हाक मारलीच म्हणून समजा. पाहुणा टेकला की रेकॉर्ड लागायची आणि रेकॉर्ड लागली की काशीराम सुरू व्हायचा.

"हां, आता बघ, बिगूल येईल. आला. आता बिगूल गप्प बसेल आणि सनईचा तो काळा भाऊ बोलेल. ऐक, ऐक, तो काय म्हणतोय बघ. आता दोघांचं भांडण. आता समेट."

बिगूल आणि सनईचा समेट व्हायच्या आत पाहुण्याला म्हशीची आठवण व्हायची. वाडीत एकाएकी म्हशी फार झाल्या होत्या.

त्याची बायको सगुणा हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. तिसऱ्या आल्बमला ती 'रडकी बाई' म्हणायची.

"त्या रडक्या बाईपायी माणसं ओटी चढंनात झाली," एक दिवस ती म्हणाली. "आता माझं ऐका. शिमग्यात पालखी येऊन जाईस्तवर एक जरी माणूस तुमची रेकॉर्ड पुरी ऐकून 'परत लाव' म्हणाला, तर ही गाण्याची पेटी ओटीवर राहू द्या. नायतर पेटी माजघरात जाईल. लोणच्याच्या फळीवर."

काशीरामने पेटीवर हात ठेवला. माजघरातली ती फळी म्हणजे मोडकी चिमणी, फुटकी बरणी, त्याच्या बापाचा तुटका चष्मा. तिथं गेलेली वस्तू परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. बोटीवर बॉयलरपाशी घामाने निथळत असताना तो याच गाण्यांचे सूर आठवत दिवस काढायचा. घरी गेलो की चार माणसं बसवून ऐकवीन, एवढीच त्याची इच्छा. पैसाअडका, जमीनजुमला, काही नको होतं. चार माणसं हवी होती. ती मिळेनात.

त्यातच ग्रामोफोनच्या सुयांची डबी भराभर हलकी होत होती. रेकॉर्डीला सुई लागते आणि सुई झिजते, हे खरं. पण इतकी? काशीरामला संशय होता कमालचा.

कमाल रत्नागिरीतल्या राजिवड्याचा. दोघे वर्षानुवर्षं एकाच बोटीवर होते. आता कमाल लग्नकार्याला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. त्याच्याकडे बॅटरीवर चालणारं रेकॉर्डीचं यंत्र होतं, म्हणजे सुयांची गरज त्यालाही होतीच. काशीराम तोंडाने काही बोलला नाही, पण डबी मात्र फडक्यात गुंडाळून ठेवू लागला. तरीही ती हलकीच होत गेली.

"कमाल्या, माझी पेटी चालली फळीवर," काशीराम म्हणाला.

"फळीवर कशाला? माझा कर्णा घेऊन जा," कमाल म्हणाला. "माणसं गाण्याकडे येत नसतील तर गाणं माणसांकडे पोचवायचं. त्यात काय एवढं?"

दोघांनी मिळून बेत केला. शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते. ज्या दिवशी ती आपल्या वाडीत यायची, त्या दिवशी मुंबईचे चाकरमानीसुद्धा घरी असतात आणि दारापुढची खळी सारवून झाली की वाट बघण्यापलीकडे कुणाला काम नसतं. पालखी यायची दिवेलागणीला. म्हणजे दुपार कलली की मैफल, आणि दिवेलागणीला देवी.

"पालखीच्या दिवशी नसती थेरं नकोत," सगुणा म्हणाली.

"थेरं नव्हेत. कार्यक्रम आहे," काशीराम म्हणाला.

काशीरामचं घर वाडीच्या वरच्या टोकाला. कमालने कर्णा फणसावर बांधला, तोंड खालच्या घरांकडे. खळ्यात चटया अंथरल्या. काशीराम धुतलेला सदरा घालून भाषण पाठ करत उभा राहिला. ऊन कललं, पण चिटपाखरू फिरकेना.

"आधी कुठली?" कमालने विचारलं.

"सांबा. माणसं तापली पाहिजेत. बाईला शेवटी ठेवू."

आता सांबा म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्यात ढोल असतात. एक नव्हे, पुष्कळ. जाड, बारीक, हाताने वाजवायचे, काठीने वाजवायचे. मध्येच कुणीतरी शिट्टी फुंकतं आणि सगळे एकदम उसळतात. रत्नागिरीच्या माणसाने डोळे मिटून तो आवाज ऐकला, तर त्याला एकच गोष्ट आठवते, आणि ती ब्राझीलमधली नव्हे. कमालने बटण पिळलं आणि ढोल फणसावरून खाली वाडीत कोसळले.

खाली मथुरा दारात रांगोळी घालत होती. तिने मान वर केली. "अगो बाय, पालखी इली."

"एवढ्यात? कोणाच्या घरी?" शेजारच्या यमुनाबाईंनी विचारलं.

"वरून वाजतंय. काशीरामाच्या."

पालखीचा क्रम ठरलेला असतो. वाडीत शिरली की पहिला मान आत्मारामदादा गावकरांच्या घराचा, त्यांच्या वाडवडिलांपासूनचा, आणि शेवटचा काशीरामचा. आज देवी गावकरांना ओलांडून काशीरामकडे गेली? पण देवी आलेली असताना घरात बसून राहणारी माणसं आपल्याकडे नाहीत. बायकांनी देवीच्या ओटीची ताटं उचलली, पुरुषांनी नारळ घेतले आणि आख्खी वाडी पाखाडीला लागली.

वरून काशीरामने ते दृश्य पाहिलं. त्याचा ऊर भरून आला. माणसं येत होती. चालत नव्हे, पळत. पुढचा ठेचकाळला तर मागचा त्याला ओलांडून.

"कमाल्या, बघ," तो म्हणाला. "नुसती पहिली बाजू ऐकली तर ही अवस्था."

"नारळ घेऊन येतायत रे."

"कलावंताला नारळ द्यायची पद्धतच आहे आपल्यात." त्याने डोळ्यांच्या कडा टिपल्या. कमालने भरात येऊन आवाज आणखी वाढवला.

सर्वांत पुढे आत्मारामदादा होते. डोक्याला फेटा अर्धाच बांधलेला, उरलेला गळ्यात. गुडघेदुखीने गेली दोन वर्षं ते पाखाडी चढले नव्हते, पण मान गेला तर गुडघे ठेवून करायचंय काय?

"काशा, कोणाला विचारून आणलीस?" ते खळ्यात शिरत गरजले.

"विचारायचं कोणाला, दादा? आवडली, आणली," काशीराम नम्रपणे म्हणाला.

"आवडली? माझ्या आधी तुझ्या घरी?"

"तुमच्याकडे कशी येईल? तुमच्याकडे पेटी कुठाय?"

दादांचा चेहरा लाल झाला. यमुनाबाई मात्र ओटी घेऊन खळ्यात गरगर फिरत होत्या. "देवी कुठाय पण? ढोलकरी कुठायत?" त्यांनी गोठ्यातसुद्धा बघितलं. शेवटी मथुराची नजर फणसावर गेली. तिने बोट दाखवलं. आख्ख्या वाडीने माना वर केल्या. फणसाच्या फांदीवर एक पत्र्याचा कर्णा बसला होता आणि ढोल वाजवत होता.

कमालने हळूच बटण फिरवलं. शांतता झाली.

"सांबा आहे," काशीराम म्हणाला. "ब्राझीलचा. बसा ना, चटया आहेत."

कुणी बसलं नाही. आत्मारामदादांचा आवाज आता खाली आला होता, आणि तो वरच्यापेक्षा वाईट होता. "देवीच्या दिवशी देवीच्या ढोलाची थट्टा केलीस. गाव गोळा करून सांगतो, यापुढं पालखी तुझ्या खळ्यात यायची नाय. शेवटचा मानसुद्धा नाय."

काशीरामने दाराकडे पाहिलं. सगुणा ओटीचं ताट धरून उभी होती. सकाळपासून उपाशी, नवं लुगडं, सारवून शेणाने माखलेले हात नुकते धुतलेले. पेटी फळीवर गेली असती तर गेली असती. पण देवी दारावरून निघून जायची म्हणजे काय, हे त्याला तिच्या तोंडावर दिसलं. आपण काय करून बसलो, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"दादा, चूक झाली," तो म्हणाला. "काय तो दंड मला करा. घराला नको."

दादा उत्तर देणार तोच वरच्या कातळावरून आरडाओरडा ऐकू आला. बघतात तो पालखी. खरीखुरी, आणि धावत.

झालं होतं असं, की पालखी वरच्या वाडीत होती आणि सांबा तिथंही पोचला होता. भोयांना वाटलं, खालच्यांनी आपल्याशिवायच ढोल सुरू केले, म्हणजे आपल्याला उशीर झाला. शेवटची दोन घरं भरभर उरकून ते कातळावरून सरळ आवाजाच्या रोखाने निघाले, आणि आवाज तर काशीरामच्या फणसावर. ढोलकरी, गुरव, मागून वरची वाडी, सगळे धापा टाकत खळ्यात उतरले.

आता आली पंचाईत. वाडीत पालखी शिरली की पहिला खांदा गावकराचा, आणि खांदा देताना गावकराने पालखी ताटकळत ठेवायची नाही. गावकर तर समोर उभे. दादांनी एकदा काशीरामकडे जळजळीत बघितलं, चपला काढल्या आणि जिथं होते तिथंच खांदा दिला. मान राहिला. जागा तेवढी चुकली.

पण पालखी खांद्यावर घेतली की नाचवायची असते, आणि ढोलकऱ्यांच्या छातीचे भाते झाले होते. एकाचंही टिपरू उचलेना. सगळं गाव खोळंबलं. गुरव कमालकडे बघू लागला. कमालने काशीरामकडे बघितलं आणि बटण पिळलं.

पुढचं वाडीत अजून सांगतात. सांबा सुरू झाला, पालखी हलली. मग डोलली. मग शिट्टी वाजली आणि पालखी उसळली. ढोलकऱ्यांना दम आला तसे तेही आत शिरले. ब्राझीलचे ढोल आणि वाडीचे ढोल एकमेकांना अशी उत्तरं देऊ लागले, की जणू एकाच आजाची नातवंडं. आत्मारामदादा नाचत होते. गुडघे कुठं गेले, त्यांनाच ठाऊक नव्हतं. फेटा पुरता सुटला होता. रेकॉर्ड संपली तेव्हा ते एका पायावर होते.

"थांबलास का?" ते घामेघूम होऊन ओरडले. "परत लाव."

काशीराम सावकाश सगुणाकडे वळला. "ऐकलंस? परत लाव म्हणतायत."

सगुणा ओटी भरत होती. देवी दारात आल्याचा आनंद तोंडावर होता, पण हे ऐकून तोंड जरा उतरलं. हरल्याचं वाईट वाटलं असेल, असं काशीरामने मनाशी ठरवलं आणि मोठ्या मनाने तिला माफ केलं.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, काशीरामने देवीपुढे नारळ ठेवला, दादांनी वरवर रागावून घेतलं. आता लोखंड तापलंय, असं वाटून काशीरामने कमालला तिसऱ्या आल्बमची खूण केली. बाई गाऊ लागली. पुरुषांनी माना खाली घातल्या, कुणाच्या तरी घरी सांत्वनाला आल्यासारखे घुटमळले आणि पालखीबरोबर खाली निघून गेले. मथुरा आणि यमुनाबाई मात्र रिकामी ताटं घेऊन फणसाखाली उभ्या राहिल्या. काशीराम लगबगीने पुढे झाला. "हां, आता बघा, इथं ती श्वास घेते..." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्याही गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काशीराम जिंकलेल्या माणसासारखा ओटीवर बसला. बाईची रेकॉर्ड चढवली, सुयांची डबी उघडली. डबी रिकामी.

"कमाल्याने शेवटची सुईसुद्धा नेली बघ," तो म्हणाला.

"कमालभाईंना उगाच बोल लावू नका," सगुणा आतून म्हणाली. ती विळीवर नारळ खवत होती. "सुया मी वापरते. तुमी बंदरावर जाता ना दुपारचे, तवा मथुरा आणि यमुनाबाई येतात. मथुराचा घोव मुंबयला, यमुनाबाईंचा बोटीवर. ती बाई लावतो आमी."

काशीरामने रिकामी डबी खाली ठेवली. "रडकी बाई?"

"रडतेच ती. तिचा घोवसुद्धा बोटीवर असणार. भाषा कळाय कशाला होवी? तुमी नसायचात तवा मी अशीच असायची चुलीपाशी. फक्त मला गाता येत नाय."

विळीचा आवाज थांबला.

"मग पेटी फळीवर टाकायला का निघाली होतीस?"

"टाकायला नाय वो. फळी पुसून ठेवली व्हती. माजघरात असती तर तुमी घरी असलात तरी आमी ऐकलं असतं. ओटीवर तुमी बसता, आणि बाई गात असताना मधी मधी बोलता."

काशीरामने पेटी उचलली. माजघरात नेली. लोणच्याच्या बरण्या कोपऱ्यात सरकल्या होत्या, बापाचा चष्मा खुंटीला गेला होता, आणि मध्ये पेटीच्या मापाची जागा होती. सगुणाने पदराच्या गाठीतून एक सुई काढून दिली. हाक मारल्यावर मथुरा आली, यमुनाबाई आल्या. काशीराम उंबऱ्यावर टेकला, तर तिघी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"नाय बोलणार," तो म्हणाला.

आणि खरंच नाही बोलला. त्या गाण्याच्या शेवटी, बाई थांबल्यावर, पियानोचा एक सुरेख तुकडा आहे. एवढी वर्षं रेकॉर्ड वाजवून काशीरामला तो त्या दुपारी पहिल्यांदा ऐकू आला.