नव्या डबीवरचं प्लास्टिक

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल मोटार बनवत होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. तिथले रस्ते खराब होते एवढं सांगितलं, की ते तुम्हाला आपल्या शेजारचंच वाटेल.

अस्वलाचं नाव झिपरूअण्णा. मोटार डोंगरापलीकडून खोक्यांमधून सुटी सुटी यायची आणि अण्णा ती घरी जोडायचे. लाल, बुटकी, बिनछपराची, दोघांपुरती, वाऱ्यासारखी पळणारी मोटार. म्हणजे पळेल तेव्हा पळणारी. पहिल्या खोक्यातून स्टिअरिंग निघालं, त्या दिवशी अण्णा ते हातात धरून तोंडाने घुर्र घुर्र करत गुहाभर फिरले होते. मग सांगाडा आला, चाकं आली, इंजिन आलं. गुहा भरून गेली. अण्णा आणि त्यांची बायको द्वारकाबाई बाहेर जांभळीखाली झोपू लागले.

द्वारकाबाई कित्येक पावसाळे गप्प होत्या. यंदा मात्र बोलल्या.

"अहो, दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत ही चालू झाली, तर मला खिंडीपर्यंत फिरवून आणा. नाही झाली, तर सांगाडा परसात उभा करून त्यावर पावट्याचा वेल चढवीन. यंदा मांडवाला बांबू मिळाले नाहीत."

त्या चिडून बोलल्या असत्या, तर अण्णांनी मनावर घेतलं नसतं. पण त्या अगदी शांतपणे बोलल्या होत्या, आणि पावट्याचं बी निवडायलाही बसल्या होत्या.

गाडीत आता एकच गोष्ट बसवायची राहिली होती. ती जरा समजावून सांगतो, जांभया देऊ नका. इंजिनात पेट्रोल जातं. ते पेटायला ठिणगी लागते. ठिणगी नेमकी केव्हा पडायची, हे एक डबी ठरवते. तिला इग्निशनची कंट्रोल डबी म्हणतात. दिसायला चपटी, धातूची, पानाच्या डब्याएवढी. पण ती नसेल तर बाकी सगळी मोटार म्हणजे बसायचं बाकडं.

दसरा तोंडावर आला आणि खोकी पोचवणारा करकोचा चोचीत पिशवी धरून डबी घेऊन आला.

"अण्णा, ही सांगाड्याला बोल्टने घट्ट पिळून बसवा," तो म्हणाला. "हिचा धातू गाडीच्या धातूला भिडला पाहिजे. मध्ये काही आलं, तर वीज फिरणार नाही आणि ठिणगी पडणार नाही."

"कळलं, कळलं," अण्णा म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष डबीवरच्या प्लास्टिकवर होतं. जाड, पारदर्शक, चारी बाजूंनी गच्च बसलेलं. किती सुंदर दिसत होती डबी त्यात!

त्या जंगलाची एक रीत होती. नवी वस्तू आणली, की तिच्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही. सशाच्या घरी खुर्च्यांवर प्लास्टिक होतं. पाहुणा उठला की खुर्ची त्याच्याबरोबर उठायची. साळिंदराने नवी छत्री घेतली होती. मिटलेली छत्री प्लास्टिकसकट डोक्यावर धरून तो पावसात भिजत जाई. छत्रीला मात्र एक थेंब लागू देत नसे.

हसू नका. आधी आपल्या घरातला टीव्हीचा रिमोट बघून या.

डबी आल्याची बातमी पसरली, तसे तात्या कोल्हे आले. कुणाचं काही अडलं की तात्या येत. अडलेलं सुटत नसे, पण तात्या येऊन गेले याचं घरच्यांना समाधान वाटे.

"डबी म्हणजे गाडीचं डोकं," तात्या म्हणाले. "डोकं कुठं असतं? वर. हिला समोर काचेखाली मानाच्या जागी बसवा."

"पण बोल्ट मारले तर प्लास्टिक फाटेल," अण्णा कळवळून म्हणाले.

"बोल्ट कशाला? लाल नाड्याने बांधा. नाडा शुभ असतो."

वायर जोडायला प्लास्टिकला एक भोक पाडावंच लागलं. ते पाडण्याआधी अण्णांनी डबीची माफी मागितली. मग डबीखाली मऊ कापडाची घडी ठेवली, वरून नाडा बांधला आणि डबीला हळदकुंकू वाहिलं. तेही अर्थात प्लास्टिकवरच.

दसऱ्याच्या सकाळी सगळं जंगल जमलं. गाडी गुहेबाहेर ढकलून आणली आणि तिला झेंडूचे हार घातले. वाघमहाराज आले. गोष्टीत राजा सिंह असतो हे मला माहीत आहे, पण आपल्याकडच्या जंगलात सिंह नसतो, तेव्हा वाघावर भागवून घ्या. महाराजांना उद्घाटनांची फार हौस. एकदा त्यांनी चालू धबधब्याचं उद्घाटन केलं होतं.

नारळ फुटला. अण्णांनी किल्ली फिरवली. इंजिनाने किर्र किर्र किर्र केलं आणि ते गप्प बसलं.

पुन्हा किल्ली. पुन्हा किर्र किर्र.

"दिशा चुकली," तात्या लगेच म्हणाले. "डबी ईशान्येला पाहिजे."

"अहो, पण गाडी वळली की ईशान्य बदलेल की!" द्वारकाबाई म्हणाल्या.

"ते गाडी वळेल तेव्हा बघू, वहिनी. आधी सुरू तर होऊ दे."

नाडा सोडला, डबी ईशान्येला बांधली. किर्र किर्र. मग महाराज म्हणाले, डबीला उकडत असेल, सावलीत ठेवा. सीटखाली बांधली. किर्र किर्र. मग कुणी म्हणालं, तिला एकटं वाटत असेल. बॅटरीशेजारी बांधली. जागा बदलत होती, कापड बदलत होतं, नाडासुद्धा नवा आणला. प्लास्टिकला कुणी बोट लावलं नाही. उलट प्रत्येक वेळी अण्णा ते बाहीने पुसून लख्ख करत होते.

दुपारी मंडळी जेवायला गेली आणि जेवण जड झालं म्हणून वडाखाली आडवी झाली. अण्णाही गेले. जेवले नाहीत. गुडघ्यांत डोकं घालून बसले. इतकी वर्षं एकेक नट हाताने पिळला होता त्यांनी. आता त्यावर पावट्याच्या शेंगा लोंबताना त्यांना डोळ्यांपुढे दिसत होत्या आणि खरं सांगतो, त्यांना रडू येत होतं.

इकडे द्वारकाबाईंना वेगळीच काळजी होती. करवंदाच्या लोणच्याच्या बरणीवरचं फडकं जुनं झालं होतं आणि मुंग्यांची रांग बरणीकडे निघाली होती. झाकायला काहीतरी जाड, घट्ट हवं होतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग गाडीत पाहिलं.

त्यांनी वायर उपसली, नाडा सोडला आणि डबीवरचं प्लास्टिक टरकन फाडून काढलं. बरणीच्या तोंडावर ते असं छान बसलं की काय सांगू! वरून तो लाल नाडाही बांधला. उघडी पडलेली डबी कुठंतरी गडगडत जाऊन हरवायला नको, म्हणून सांगाड्याच्या पट्टीवर ठेवली. तिथं भोकं होती, पलीकडे बोल्ट पडले होते. त्यांनी बोल्ट घातले, करकचून पिळले, वायर होती तशी खोचली आणि चुलीकडे गेल्या. धातूला धातू असा भिडवला की त्याला अर्थिंग म्हणतात, हे त्यांना तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि अजूनही नाही.

ऊन कलल्यावर मंडळी तोंडं धुऊन परत आली.

"शेवटचा उपाय," तात्या म्हणाले. "दुसरा नारळ. आणि किल्ली फिरवताना अण्णांनी डोळे मिटायचे."

नारळ फुटला. अण्णांनी डोळे मिटले. किल्ली फिरवली.

किर्र... धड! धडधडधडधड! झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, झाडावरची माकडं खाली पडली, साळिंदराचे काटे उभे राहिले. अण्णांनी डोळे उघडले आणि ते हसू लागले. हसताहसता त्यांना हुंदका आला. स्टिअरिंगला मिठी मारून ते तोंडानेही घुर्र घुर्र करू लागले.

"नारळ माझा होता," वाघमहाराज म्हणाले.

"डोळे मिटायला मी सांगितलं," तात्या म्हणाले.

मग महाराजांनी भाषण सुरू केलं. पहिली फेरी महाराजांची, हे ठरलंच होतं. दुसऱ्या सीटवर तात्या. द्वारकाबाई तिसऱ्या फेरीत किंवा पुढच्या दसऱ्याला.

भाषण रंगात आलं तेव्हा खाली उतरलेल्या अण्णांनी कौतुकाने गाडीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. अस्वलाचा पडतो तेवढा.

"अगं! डबीवरचं प्लास्टिक कुठं गेलं?"

"बरणीला लावलं," द्वारकाबाई म्हणाल्या. बरणी त्यांच्या कडेवरच होती.

"अगं, नवी डबी! उघडी! आण इकडे, परत घालतो."

"अहो, पण गाडी चालू आहे ना?"

"चालू आहे म्हणूनच तर! आता तिला जपायला नको?"

"बरोबर," तात्या म्हणाले. "चालू वस्तूला तर दुहेरी प्लास्टिक पाहिजे."

"माझ्या हस्ते," वाघमहाराज भाषण थांबवून म्हणाले. साळिंदर पाना घ्यायला धावला.

द्वारकाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मंडळींकडे. मग बरणी मांडीत घेऊन त्या सरळ स्टिअरिंगसमोर बसल्या. गाडी चालवायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण रात्रंदिवस तिचीच चर्चा ऐकून कुठलं पायाखाली आणि कुठलं हाताशी, हे त्यांना पाठ झालं होतं.

"येताय, का प्लास्टिक शोधताय?"

अण्णा घुटमळले. इकडे महाराज हार घेऊन उभे, तिकडे बायकोने गिअर टाकलेला. गाडी हलली तशी त्यांनी जीव खाऊन उडी मारली आणि शेजारच्या सीटवर पालथे पडले. लाल मोटार खड्ड्याखड्ड्यांतून उसळत खिंडीकडे निघाली. अण्णांचे पाय बराच वेळ आकाशाकडे होते. पण ते मोठमोठ्याने हसत होते, हे मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

मंडळी हळहळली. एवढी नवी गाडी, आणि धुळीत नेली! सभेने एकमताने दुखवट्याचा ठराव केला आणि तिथंच ठरवलं, की पुढच्या वेळी जंगलात मोटार आली, तर ती आधी प्लास्टिकमध्ये बांधायची आणि मगच जोडायला घ्यायची.

तात्पर्य: मुलांनो, नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कधीही काढू नये. काढलं की वस्तू चालू होते, आणि एकदा चालू झाली की ती घरात राहत नाही.