चित्राला तीन इंची पाइप

"पार्सल मी बांधतो," म्हनलो, तिथंच माझी वाट लागली.

आमची दिपाली चित्रं काढती. मासळीवाल्या बाया, बोंबील, सुरमई. त्याचे मोठ्या कागदावर प्रिंट काढून ऑनलाइन इकती. पयली ऑर्डर आली वांद्र्याच्या रेवती मॅडमची, दातांची डॉक्टर. एक प्रिंट धड पोचलं, की दवाखान्यासाठी अजून बारा घेनार. पोरगी चार दिस नीट जेवली न्हाई.

तिनं पुठ्ठ्याची नळी आनली. म्या अंगठ्यानं दाबली. बसली आत.

"ह्यात चित्र? ह्यात अगरबत्ती पन तुटंल!"

"बाबा, सगळे ह्यातच पाठवतात."

"सगळे गाढव हायेत!"

म्या मुलुंडात तेवीस वर्षं प्लंबर हाय. (शाळा चौथी, पन जॉइंट इंजिनेराला लाजवंल असा.) दिपाली बाजारात गेली तेवढ्यात तीन इंची पाइप कापला, चित्र गुंडाळून आत सारलं, दोन्ही तोंडांना टोप्या ठोकल्या. आन् हाताची सवय, ठोकायच्या आधी टोप्यांना आतून पाइप चिकटवायचं सोल्युशन फासलं व्हतं. पानी शिरायला नको ना!

ती यायच्या आत कुरिअरला देऊनबी टाकलं. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "अहो, हे उघडत नाहीये."

"न्हाईच उघडनार!" माझी छाती फुगली.

"मग चित्र कसं काढू?"

(ह्यो इचार म्या केलाच नव्हता.) चूक कळली की माझं डोस्कं जास्तच सटकतं. "मॅडम, तेवीस वर्षांत माझा एक जॉइंट लीक न्हाई!"

"मला लीक नकोय हो, चित्र हवंय!"

दिपालीनं फोन हिसकावला. "सॉरी मॅम, आम्ही येतो." मंग माझ्याकडं बघून, "बाबा, आरी घ्या. आणि तिथे तोंड बंद!"

दवाखान्यात म्या पाइप आडवा धरून आरी चालवली. खर्र खर्र. आवाज ऐकून भायेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले.

"थांबा!" दिपाली वरडली. "चित्र कापाल! पाइप उभा धरा."

उभा करून हळूच आपटला. चित्र सरकलं खाली. वरची टोपी म्या जपून, केसाकेसानं कापली. ह्या हातांनी आजवर अख्ख्या बिल्डिंगांच्या लाइनी टाकल्यात, पन त्यात पोरीचं काय नव्हतं.

चित्र निघालं. एक सुरकुती न्हाई. सुरमईचा डोळा माझ्याकडंच रोखलेला.

मॅडम हसाया लागल्या. "बारा पक्के. पण पॅकिंग दिपालीच करेल."

लाज वाटली म्हनून त्यांचं टपकनारं बेसिन फुकटात नीट केलं. सांजच्याला दिपालीनं मोबाइल दावला. पाच स्टार! 'चित्र सुंदर. सोबत प्लंबरही येतो.'

म्या लगेच घरभर मिरवलो. आतून माझी बायको कमळ म्हनली, "अहो, आपल्या मोरीचा नळ दिवाळीपासनं गळतोय. मी पन एक चित्र मागवू का?"